ट्रेलर ओढणारा ट्रॅक्टर : निवड आणि डिझेलचा हिशेब

महाराष्ट्रात २७ हजारांहून अधिक ग्रामपंचायती आहेत. त्यांपैकी पुष्कळ ग्रामपंचायतींकडे आज स्वतःचा ट्रॅक्टर आहे अथवा गरजेच्या वेळी तो भाड्याने घेण्यात येतो. उन्हाळ्यात वाड्यावस्त्यांवर पाणी पोहोचविणे, गावातील कचरा गोळा करणे, मुरूम व खडी वाहणे, वृक्षारोपणासाठी रोपे नेणे अशी नाना प्रकारची कामे ट्रॅक्टर आणि त्याच्यामागे जोडलेला ट्रेलर यांच्या बळावर पार पडतात. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी नेण्यात आले. परंतु तेव्हाही घरोघरचे वाटप टँकरनेच करावे लागले. रेल्वे असो वा जलवाहिनी, शेवटचे चार मैल चाकांवरच जातात.

हे शेवटचे चार मैल मात्र महाग पडतात. ट्रॅक्टर एकदाच विकत घ्यावा लागतो. डिझेल रोज लागते. खरेदीच्या वेळी किमतीची चर्चा सविस्तर होते, आणि डिझेलचा विचार "ॲव्हरेज किती देतो?" या एका प्रश्नावर आटोपतो. वस्तुतः या प्रश्नाला एकच एक उत्तर नसते. तोच ट्रॅक्टर एका गावात काटकसरी ठरतो आणि दुसऱ्या गावात उधळ्या. ओझे, रस्ता, चढ आणि इंजिन यांचा मेळ बसला तर डिझेल वाचते. तो न बसल्यास कोणत्याही कंपनीचा ट्रॅक्टर ते वाचवू शकत नाही. हा मेळ कसा बसवावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

काम आधी, वाहन नंतर

ट्रॅक्टरची निवड विक्रेत्याच्या दुकानातून नव्हे, तर गावच्या रस्त्यावरून सुरू व्हावयास हवी. त्यासाठी चार गोष्टी आधी कागदावर मांडाव्यात : नेहमी वाहावयाचे सर्वांत मोठे ओझे किती, अंतर किती, रस्ता डांबरी की मुरमाचा, आणि वाटेवरील सर्वांत तीव्र चढ कोणता.

ओझ्याचा अंदाज डोळ्यांनी घेऊ नये. साखर कारखान्याच्या किंवा बाजार समितीच्या भुईकाट्यावर भरलेला व रिकामा ट्रेलर वजन करून पाहणे हा सर्वांत सोपा उपाय होय. पाण्याच्या बाबतीत हिशेब आणखी सोपा आहे. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. म्हणजे ५,००० लिटरच्या टाकीत ५ टन पाणी मावते. टाकी व तिचा सांगाडा यांचे वजन सुमारे दीड टन आणि ट्रॅक्टरचे सुमारे दोन टन धरल्यास रस्त्यावर एकूण साडेआठ टनांचा भार धावत असतो.

चढ मोजण्यास गवंड्याची पाण्याची नळी पुरेशी आहे. चढावर २० मीटर अंतर आखून त्याच्या दोन टोकांच्या उंचीतील फरक नळीने काढावा. तो एक मीटर भरल्यास चढ वीसास एक, म्हणजे १:२० आहे असे समजावे. शाळेतील वरच्या वर्गाच्या विद्यार्थ्यांना गणित व विज्ञान या दोन्ही विषयांचा उपक्रम म्हणून हे काम देता येईल, आणि त्याचा उपयोग ग्रामपंचायतीस प्रत्यक्ष होईल.

ओढ कशाची आणि किती

सपाट रस्त्यावरही चाक फिरविण्यासाठी बळ लागते, कारण टायर दबतो व जमीनही थोडीफार दबते. ट्रॅक्टर व ट्रेलर यांच्यासाठी स्थूलमानाने असे धरता येईल की चांगल्या डांबरी रस्त्यावर दर टनामागे २० किलो, मुरमाच्या रस्त्यावर ४० ते ५० किलो आणि मऊ माती किंवा वाळू असल्यास १०० किलो अथवा त्याहूनही अधिक ओढ लागते. चढ आला की त्यात भर पडते. १:२० च्या चढावर ही भर दर टनामागे ५० किलो, तर १:१० च्या चढावर १०० किलो इतकी असते.

वरील साडेआठ टनांचा भार डांबरी सपाटीवर ओढण्यास सुमारे १७० किलो ओढ लागेल. मुरमाच्या सपाट रस्त्यावर तीच सुमारे ३८० किलो होईल. डांबरी रस्ता १:२० ने चढू लागला तर १७० अधिक ४२५, म्हणजे जवळजवळ ६०० किलो ओढ लागेल.

यावरून अश्वशक्ती काढण्याचे सूत्र सोपे आहे. किलोमधील ओढीला ताशी किलोमीटरमधील वेगाने गुणावे व २७० ने भागावे. सपाट डांबरी रस्त्यावर ताशी २० किलोमीटर वेगासाठी सुमारे साडेबारा अश्वशक्ती चाकांपाशी लागते. गिअरपेटी व आसातील घट लक्षात घेता इंजिनापाशी ती १५ च्या आसपास जाते. १:२० च्या चढावर ताशी १० किलोमीटरने जावयाचे असल्यास इंजिनापाशी सुमारे २७ अश्वशक्ती पुरते. मात्र तोच चढ ताशी २० किलोमीटरने चढावयाचा म्हटल्यास ५० हून अधिक अश्वशक्ती हवी.

या आकड्यांचा अर्थ ध्यानी घेण्यासारखा आहे. अधिक अश्वशक्तीने ओझे अधिक ओढले जाते, असा सर्वसाधारण समज असतो. परंतु खालच्या गिअरमध्ये लहान इंजिनही मोठे ओझे चढावर नेते. अधिक अश्वशक्तीने मुख्यतः वेग वाढतो. वाटेत एक-दोन किलोमीटरचा चढ असेल तर तो दुप्पट वेगाने चढल्याने दर खेपेस काही मिनिटे वाचतील. तेवढ्यासाठी मोठे इंजिन वर्षभर पोसावयाचे काय, याचा निर्णय सभेने विचारपूर्वक घ्यावा.

तीव्र चढाच्या कच्च्या रस्त्यावर तर अडचण अश्वशक्तीची नसतेच. तेथे मागची चाके जागच्या जागी फिरू लागतात. पकड कमी पडते आणि डिझेल केवळ माती उकरण्यात जळते. अशा ठिकाणी मोठे इंजिन उपयोगी पडत नाही; ओझे कमी करावे लागते किंवा रस्ता सुधारावा लागतो.

मोठे इंजिन, हलके काम

एक लिटर डिझेलमध्ये उष्णतेच्या रूपाने सुमारे १० युनिट ऊर्जा असते. विजेचे बिल वाचणाऱ्यास हे एकक परिचित आहे. चांगले डिझेल इंजिन पुरेशा भाराखाली चालत असताना त्यांतील सुमारे ३.३ युनिट कामास लावते. उरलेली ऊर्जा धूर, उष्णता व घर्षण यांत जाते. हेच अश्वशक्तीच्या भाषेत सांगावयाचे तर एका लिटरमध्ये जास्तीत जास्त साडेचार अश्वशक्ती-तास इतके काम मिळते.

तथापि हा लाभ इंजिन पुरेशा भाराखाली असेल तरच मिळतो. प्रत्येक इंजिनाचा स्वतःचा असा एक खर्च असतो. पिस्टन सरकविणे, पंखा व पंप फिरविणे यांसाठी काम असो वा नसो डिझेल जळतच असते. इंजिन जितके मोठे, तितका हा खर्च मोठा. १५ अश्वशक्तीचे काम ५५ अश्वशक्तीच्या इंजिनाकडून करून घेणे म्हणजे एका घागरीसाठी मोटेला चार बैल जुंपण्यासारखे आहे. बैलांना वैरण चौघांचीच घालावी लागते.

हा फरक तासाला केवळ अर्धा लिटर धरला, आणि टंचाईच्या १२० दिवसांत ट्रॅक्टर रोज ६ तास चालला असे मानले, तरी एका हंगामात ३६० लिटर डिझेल अधिक लागते. ५,००० लिटरचा टँकर व मध्यम चढाचा डांबरी रस्ता यांसाठी ३५ ते ४० अश्वशक्तीचा ट्रॅक्टर पुरेसा ठरतो, असे वरील हिशेबावरून दिसून येईल. नांगरट, जमीन सपाटीकरण अथवा दोन ट्रेलर ओढणे अशी जड कामे वर्षातील बराच काळ असतील, तर गोष्ट वेगळी.

याउलट, इंजिन इतकेही लहान असू नये की ते सदैव पूर्ण दाबाखाली काळा धूर सोडीत चालेल. काळा धूर म्हणजे न जळलेले डिझेल होय. नेहमीच्या कामास निम्मी ते पाऊण शक्ती आणि वाटेवरील सर्वांत तीव्र चढास जवळजवळ पूर्ण शक्ती लागावी, असा बेत साधला म्हणजे निवड योग्य झाली असे समजावे.

ट्रॅक्टरच हवा काय, हा प्रश्नही टाळू नये. ट्रॅक्टरचे मोठे खाचांचे टायर व सावकाश वेगाचे गिअर शेतासाठी बनविलेले असतात. काम केवळ डांबरी रस्त्यावर व लांब पल्ल्याचे असेल तर तेवढेच ओझे वाहणारा मालमोटारीवरील टँकर साधारणपणे कमी डिझेलमध्ये ते करतो. ट्रॅक्टरचे श्रेष्ठत्व वाट कच्ची असते, अंतर थोडे असते आणि मागचा ट्रेलर सोडून त्याच इंजिनावर पंप किंवा अन्य अवजार चालवावयाचे असते, तेथे दिसून येते. विहिरीवर टाकी भरण्याचा पंप पी.टी.ओ. वर चालतो, ही मोठीच सोय आहे.

परीक्षण अहवाल कसा वाचावा

मध्य प्रदेशातील बुदनी येथे केंद्र शासनाची कृषी यंत्र प्रशिक्षण व परीक्षण संस्था आहे. १९५५ मध्ये ट्रॅक्टर प्रशिक्षण केंद्र म्हणून तिचा आरंभ झाला. ट्रॅक्टरची तेथे भारतीय मानकानुसार परीक्षा घेण्यात येते आणि प्रत्येक परीक्षेचा अहवाल प्रसिद्ध होतो. खरेदीपूर्वी विक्रेत्याकडून या अहवालाची प्रत अवश्य मागून घ्यावी.

अहवालात तीन गोष्टी प्रथम पाहाव्यात. पहिली, पी.टी.ओ. वर मिळालेली प्रत्यक्ष शक्ती. जाहिरातीतील अश्वशक्ती इंजिनाची असते, पी.टी.ओ. वर मिळणारी शक्ती तीहून कमी भरते. दोन ट्रॅक्टरांची तुलना या दुसऱ्या आकड्यावरूनच करावी. दुसरी गोष्ट, विशिष्ट इंधन-खप. हा ग्रॅम प्रति किलोवॅट-तास या एककात दिलेला असतो व तो जितका कमी तितका चांगला. एकाचा खप २५० व दुसऱ्याचा २८० असल्यास तेवढ्याच कामाला दुसरा सुमारे १२ टक्के अधिक डिझेल घेतो. तासाला किती लिटर लागतात, केवळ एवढ्यावरून मत बनवू नये. कमी काम करणारा ट्रॅक्टर कमी डिझेल घेईल, यात नवल ते काय? तिसरी गोष्ट, ब्रेकची चाचणी. तिचे महत्त्व पुढे स्पष्ट होईल.

'ॲव्हरेज'चा खरा अर्थ

एका लिटरमध्ये किती किलोमीटर, हे माप मोटारसायकलीस योग्य आहे. ओझे वाहणाऱ्या वाहनाचे खरे माप म्हणजे एका लिटरमध्ये किती टन माल किती किलोमीटर गेला, म्हणजेच टन-किलोमीटर, हे होय.

बारा किलोमीटरवरील वस्तीला ५,००० लिटर पाणी डांबरी सपाट रस्त्याने नेऊन रिकामे परतण्यास वरील पद्धतीच्या हिशेबाने सुमारे ३.९ लिटर डिझेल लागेल. ३,००० लिटरच्या टँकरला त्याच खेपेस सुमारे ३.३ लिटर लागेल. किलोमीटर मोजल्यास लहान टँकर सरस वाटतो; लिटरला सव्वासहा ऐवजी सव्वासात किलोमीटर. पण पाणी मोजले की चित्र उलटते. मोठ्या टँकरने लिटरमागे सुमारे १५ टन-किलोमीटर काम झाले आणि लहान टँकरने अवघे ११. ट्रॅक्टरचे स्वतःचे वजन आणि परतीची रिकामी खेप दोन्हीकडे जवळजवळ सारखीच आहे, हे याचे कारण.

यास्तव नियम असा : चढ, पकड व ब्रेक यांना झेपेल तेवढे मोठे ओझे न्यावे, आणि प्रत्येक खेप पूर्ण भरून न्यावी. डोंगरी वस्तीसाठी लहान टँकर घ्यावा लागतो तो डिझेलसाठी नव्हे, सुरक्षिततेसाठी.

रस्त्याचा वाटाही येथे स्पष्ट होतो. भरलेला टँकर बारा किलोमीटर नेण्यास डांबरी सपाटीवर सुमारे २.४ लिटर, तर मुरमाच्या रस्त्यावर त्याच्या दुप्पट डिझेल लागते. वाटेवरील खड्डे व चिखलाचे तुकडे उन्हाळ्यापूर्वी मुरूम टाकून दाबून घेतले, तर तो खर्च डिझेलच्या रूपाने बराचसा भरून येतो.

टायर, भार आणि जोडणी

शेतकामात पकड वाढावी म्हणून मागच्या चाकांना लोखंडी वजने लावतात व टायरमध्ये पाणी भरतात. वर्षभर केवळ वाहतूक करावयाची असेल तर हे वजन निष्कारण वाहिले जाते. पकड पुरेशी आहे याची खात्री करून ते उतरवावे. टायरमधील हवा रस्त्यासाठी निर्मात्याने सांगितलेल्या दाबावर ठेवावी. मऊ टायर डिझेल खातो, झिजतो व उतारावर गाडी डोलवितो.

दोन चाकांच्या ट्रेलरचा काही भार ट्रॅक्टरच्या हिचवर येतो. बैलगाडी हाकणाऱ्यास यातील मर्म सांगावयास नको. ओझे मागे गेले की गाडी उलार होते आणि फार पुढे आले की जोखडावर दाब पडतो. ट्रेलर उलार झाल्यास मागच्या चाकांची पकड सुटते. हिचवर भार अति झाल्यास ट्रॅक्टरची पुढची चाके उचलली जाऊन स्टिअरिंग निरुपयोगी होते. ट्रेलर नेहमी निर्मात्याने नेमून दिलेल्या हिचलाच जोडावा. तो मागच्या आसाच्या वर, उंच ठिकाणी जोडून जोरात ओढल्यास ट्रॅक्टर मागे उलटतो आणि चालकास सावरण्यास क्षणही मिळत नाही.

पाण्याच्या टाकीत आडव्या जाळ्या किंवा भिंती असणे आवश्यक आहे. अर्धवट भरलेल्या टाकीतील पाणी ब्रेक लावताच पुढे व वळणावर बाजूला धावते आणि गाडी कलंडू शकते. टाकी एक तर पूर्ण भरलेली असावी, नाही तर रिकामी.

उतार : काटकसरीचा खोटा मार्ग

डिझेल वाचविण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्याची सवय अनेक चालकांना असते. या सवयीने चालकांचे व रस्त्यावरील निरपराधांचे प्राण जातात. आणि विशेष म्हणजे तिच्यामुळे डिझेलही वाचत नाही. गिअर चालू ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की चाकेच इंजिनाला फिरवितात आणि गव्हर्नर डिझेल जवळजवळ बंद करतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी डिझेल जळतच राहते. म्हणजे न्यूट्रलने थोडे डिझेल अधिकच लागते आणि इंजिनाचा ब्रेक हातचा जातो. ज्या गिअरमध्ये चढ चढला, त्याच गिअरमध्ये तो उतरावा, हा जुन्या चालकांचा नियम आजही तितकाच खरा आहे.

ट्रॅक्टरचे ब्रेक मुख्यतः मागच्या चाकांवर असतात. दोन टनांच्या ट्रॅक्टरने साडेसहा टनांचा भरलेला ट्रेलर थांबवावा, ही अपेक्षा उतारावर फोल ठरते. ट्रेलर मागून रेटतो व ट्रॅक्टर आडवा फिरतो. म्हणून ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असल्याशिवाय तो घेऊ नये, आणि ते चालू स्थितीत आहेत की नाहीत हे दर आठवड्यास पाहावे. शेतात वळण्यासाठी वेगवेगळे दाबता येणारे ट्रॅक्टरचे दोन ब्रेक-पेडल रस्त्यावर येताच खिट्टी लावून एकत्र जोडलेच पाहिजेत. वेग दीडपट झाला की थांबण्यास लागणारे अंतर सव्वादोनपट होते, हेही चालकास समजावून द्यावे.

रात्रीच्या वेळी रस्त्याच्या कडेस उभा असलेला बिनदिव्याचा ट्रेलर मागून येणाऱ्यास दिसत नाही. मागचे दिवे, लाल परावर्तक व पट्ट्या यांचा खर्च डिझेलच्या एका टाकीहूनही कमी आहे. ट्रेलरची नोंदणी स्वतंत्रपणे करावी लागते, आणि ट्रॅक्टर शेतीखेरीज अन्य वाहतुकीस वापरावयाचा असल्यास नोंदणी व विमा त्या वापरास अनुसरूनच असावा. ट्रेलरमधून माणसे नेऊ नयेत. लग्नाचे वऱ्हाड असो वा शाळेची सहल, अपघात झाल्यास ते बहुधा विम्याच्या कक्षेबाहेरच राहतात.

एक साधी नोंदवही

खरेदी योग्य झाली तरी रोजची शिस्त नसल्यास बचत टिकत नाही. हलक्या भारावर वरचा गिअर व कमी फेरे, जड भारावर योग्य तो खालचा गिअर, ही पद्धत चालकाने अंगी बाणवावी. टाकी भरताना पंप चालत नसेल तेव्हा इंजिन बंद करावे. एअर क्लीनर दररोज पाहावा, कारण आपल्याकडील धुळीत तो लवकर तुंबतो आणि तुंबलेला एअर क्लीनर काळा धूर ओकतो.

या सर्वांवर देखरेख ठेवण्यास एक नोंदवही पुरे. तारीख, खेप कोठे, किती पाणी वा माल, मीटरवरील तास, भरलेले डिझेल व चालकाची सही, एवढे सहा रकाने तीत असावेत. महिनाअखेर टन-किलोमीटरला डिझेलने भागावे. आकडा सतत घसरू लागला तर टायर, ब्रेक, फिल्टर वा रस्ता यांपैकी कोठे तरी दोष आहे, किंवा डिझेल अन्यत्र जात आहे, असे समजावे. ही वही ग्रामसभेपुढे ठेवल्यास हिशेबाविषयी शंकेस जागा राहणार नाही.

ग्रामपंचायतीचा ट्रॅक्टर ही गावाची मालमत्ता आहे, आणि त्यातील डिझेल गावाच्या पैशातून येते. वजन करून, चढ मोजून व अहवाल वाचून घेतलेला निर्णय पुढील दहा-पंधरा वर्षे फळ देतो. उन्हाळ्यात हंडे घेऊन वाट पाहणाऱ्या वस्तीपर्यंत पाणी वेळेवर पोहोचावे, ते नेणारा चालक सुखरूप घरी परतावा, आणि त्यासाठी लागणारा खर्च गावास परवडावा, या तिन्ही गोष्टी या एका निवडीवर अवलंबून असतात.